डूंगरीवरून सावकाश

मी मुळातली घाईची बाई. चहा नीट उकळायच्या आत गाळते, सिनेमा संपत आला की अंधारातच चपला शोधायला लागते, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मला दम निघत नाही, मीच ते पुरं करून टाकते. माहेर सांगलीचं. तिथं घरात सगळेच असे, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. लग्न झालं ते मात्र साताऱ्याच्या एका संथ माणसाशी. हे विमा कंपनीत अधिकारी. जयपूरला बदली झाली तेव्हा 'तीनेक वर्षं काढू आणि परत जाऊ' म्हणून आलो आणि इथलेच झालो. प्रताप नगरात घर घेतलं, मला मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, मुलगी इथंच वाढली.

यांना आवड एकच, टेकड्या चढायची. लहानपण किल्ल्याच्या पायथ्याशी गेलेलं, त्यामुळे रविवार उजाडला की यांचे पाय शिवशिवायचे. इकडे टेकडीला डूंगरी म्हणतात. टोंक रोडनं चाकसूच्या पुढे गेलं की शेतांच्या मधोमध एक डूंगरी उभी आहे. तिथं ना किल्ला, ना मोठं देऊळ. वर एका खडकाशी लावलेला झेंडा, खाली एक जुनी विहीर आणि खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, झाडं, एवढाच काय तो थाट. पण ही डूंगरी यांची लाडकी. ऑफिसातल्या दोघा-तिघांना घेऊन तिथं जायचे, वरच्या सपाट खडकावर बसून मी दिलेली थालीपीठं खायचे आणि दुपारी उन्हानं लाल होऊन घरी यायचे. मी कधी गेले नाही. इतक्या हळू चढणाऱ्या माणसाबरोबर चालणं माझ्यानं होणारं नव्हतं. तेवढ्या वेळात मी घरातली आठवड्याची कामं उरकायची.

मग दोन वर्षांपूर्वी, होळीच्या सुमारास, हे एका सकाळी उठले आणि पलंगाची कड धरून तसेच बसून राहिले.

"खोली फिरतेय," म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दवाखाना, तपासण्या, सगळं झालं. हृदय ठीक निघालं, मेंदूही ठीक. कानाच्या आतली, तोल सांभाळणारी शीर सुजली होती. खोली फिरायची आठवड्याभरात थांबली, पण मागे एक खोड ठेवून गेली. डोळ्यांसमोर काही हललं की यांचं डोकं गरगरायचं. फिरता पंखा नको, रस्त्यावरची गर्दी नको, मोबाइलवर बोटानं सरकवायचं काही नको. क्रिकेटचा सामना लागला की हे डोळे मिटून ऐकत बसायचे, कारण चेंडू सीमारेषेकडे गेला की कॅमेरा त्याच्यामागे धावतो आणि यांच्या पोटात ढवळायला लागतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, "मेंदूला तोल पुन्हा शिकावा लागेल. हलणाऱ्या गोष्टींपासून लपून बसू नका. झेपेल तेवढं बघा, थोडं थोडं वाढवत न्या." यांनी मानेचे व्यायाम केले, मनापासून केले. पण एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला गेले आणि तिथल्या लुकलुकत्या दिव्यांनी घात केला. भर सभेत, ताटावर बसलेल्या लोकांसमोर, यांना उलटी झाली. लोकांनी फार सांभाळून घेतलं, पण या माणसाला ते जे लागलं ते लागलं. यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्यानंतर हे घराबाहेर पडायचे ते फक्त दवाखान्यासाठी. गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे, कारण भिंत हलत नाही. ते बघून मला रडू यायचं, आणि मला रडू आलं की राग येतो, मग मी भांडी आपटायची.

त्याच हिवाळ्यात मी निवृत्त झाले. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. मराठी मुलखात राहूनही तिचं मराठी जयपूरचंच राहिलंय. ती सुट्टीला आली ती एक खोकं घेऊन. खोक्यात तळहातावर मावेल एवढा, घडी घालता येणारा ड्रोन.

"हे मला?" मी म्हटलं. "मी काय पोरगी आहे का उडवायला?"

"आई, मतलब बाबा डूंगरीवर नाही जाऊ शकत ना," ती म्हणाली, "तर तू डूंगरीच घरी घेऊन ये."

मी खोकं जवळ ओढलं आणि आतली माहितीची पुस्तिका उघडली. 

आता गंमत अशी की आम्ही राहतो विमानतळाच्या कुशीत. सांगानेरला उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून चाकं काढूनच जातात. ड्रोनच्या नकाशात आमचा सगळा भाग लालेलाल, म्हणजे उडवायला बंदी. प्रताप नगरात ड्रोन काय, पतंगाचीसुद्धा मला धास्ती वाटायला लागली. किल्ल्यांवर बंदी, जंगलावर बंदी. मुलीनं नकाशावर बोट फिरवत फिरवत चाकसूच्या पुढे नेलं, तिथं मोकळा हिरवा रंग होता आणि त्या हिरव्यात यांची डूंगरी. तिनं मला पटांगणात नेऊन उडवायला शिकवलं आणि पुण्याला निघून गेली.

पुढच्या रविवारी मी गाडी काढली, थर्मासमध्ये चहा घेतला आणि एकटीच निघाले. डूंगरीच्या पायथ्याशी विहिरीजवळ ड्रोन जमिनीवर ठेवला, तेवढ्यात शेतातल्या दोन बायका आल्या. इकडे ड्रोन दिसला की लग्नाचं शूटिंगच असतं.

"ब्याव कुणको छै?" एकीनं विचारलं. म्हणजे, लग्न कुणाचं आहे?

"मेरा," मी म्हटलं, "पुराना है." दोघी तोंडावर पदर घेऊन इतक्या हसल्या की पुढे प्रत्येक रविवारी माझ्यासाठी ताक ठेवायला लागल्या.

त्या पहिल्या दिवशी मी काय उडवलं म्हणता! सुर्रकन वर, झेंड्याभोवती गरकन एक फेरी, तिथून खाली विहिरीवर झेप, मग मोहरीच्या पिवळ्या शेतावरून जमिनीला घासत सरळ रस्त्यापर्यंत. मला स्वतःला तर पंख फुटल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत हातून एवढी मोकळी घाई कधी झाली नव्हती. घरी येऊन टीव्हीला जोडलं, यांना सोफ्यावर बसवलं आणि म्हटलं, "बघा, कुणाला आणलंय."

झेंड्याभोवतीच्या फेरीलाच यांनी सोफ्याचा हात घट्ट धरला. विहिरीपर्यंत पोचायच्या आत चेहरा पांढराफटक. मी टीव्ही बंद केला आणि मोरीतली बादली आणायला धावले. सगळी दुपार हे डोळ्यांवर ओला नॅपकिन ठेवून पडून होते. मी शेजारी बसून स्वतःला मनातल्या मनात शिव्या देत होते.

संध्याकाळी उठून चहा पिताना हे म्हणाले, "डूंगरी तीच होती. ओळखली मी." मग थोड्या वेळानं, "पण इतक्या घाईत कुणी बघतं का गं?"

तिथून आमची शाळा सुरू झाली. यांनी सोफ्यावर पाठ टेकवून बसायचं, पाय जमिनीवर, आणि डोकं हलायला लागलं की हात वर करायचा. हात वर झाला की मी चित्र थांबवायचं. सुरुवातीला तर हात खाली राहायचाच नाही. मग मीही एकेक गोष्ट हेरायला लागले. ड्रोन वळला की हात वर. सरळ गेला की नाही. पुढे जाता जाता वरही चढला तर हात वर. एका वेळी एकच काही केलं तर नाही. जमिनीलगत उडवलं की तोच वेग दुप्पट भासतो, उंचावरून तीच चाल सुसह्य होते. चित्रात एखादी जागची न हलणारी वस्तू असली, झेंडा म्हणा, लांबचं एखादं झाड म्हणा, की यांच्या डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. आणि ड्रोन निघण्याआधी थोडा वेळ नुसता उभा राहिला पाहिजे, पोचल्यावरही उभा राहिला पाहिजे. आपण कुणाच्या घरी गेल्यावर दारात क्षणभर थांबतो, तसं.

हे सगळं कळलं, पण माझ्या अंगठ्यांना कोण सांगणार? ड्रोनच्या रिमोटला दोन दांड्या असतात. जेवढी दांडी दाबाल तेवढा तो पळतो, आणि माझा अंगठा टेकला की दांडी पार टोकाला. पण एका रविवारी विहिरीच्या कठड्यावर बसले असताना एकदम कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. काचेच्या नळीतून आम्लात अल्कलीचं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं असतं. शेवटी शेवटी तर अर्धा थेंब. एक थेंब जास्त पडला की गुलाबी रंग गडद होतो आणि सगळा प्रयोग पहिल्यापासून. जन्मभर मी पोरींच्या डोक्याशी उभी राहून ओरडले होते, "तोटी पिळू नका, नुसतं तिला कळू द्या." त्या दिवशी मी ड्रोनची दांडी तशी धरली. पिळली नाही, नुसतं तिला कळू दिलं. आणि तो असा निघाला की निघाला कधी तेच समजलं नाही. झेंड्याकडे जायला त्याला इतका वेळ लागला की बायका ताक देऊन शेतात परत गेल्या तरी तो पोचत होता.

घरी हे ते बघायला बसले. हात मांडीवर होता. चित्र संपलं तरी मांडीवरच. हे काय म्हणतात याची मी वाट बघत होते, आणि वाट बघणं म्हणजे मला शिक्षा.

"परत लाव," हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. दुसरं काय करणार? आनंद झाला की आमच्याकडे तूप जास्त लागतं.

मग या माणसाला कंठच फुटला. टीव्हीसमोर बसून मला डूंगरी शिकवायला लागले. हा ओहोळ बघ, श्रावणात यात पाणी असतं. या दोन दगडांच्या मधून वाट जाते, नवीन माणूस हमखास डावीकडे चुकतो. आणि तो सपाट खडक, त्याच्या मागच्या अंगाला सावली असते, तिथंच बसून आम्ही तुझी थालीपीठं खायचो. पुढच्या रविवारी कुठून उडवायचं ते आदल्या दिवशीच ठरायला लागलं. पूर्वेकडून ये म्हणजे ऊन पाठीशी राहील. विहिरीवरून लगेच निघू नकोस, माझं बघून होत नाही.

"विहिरीत बघायचंय काय एवढं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"पाणी किती खाली गेलंय ते बघतो. मग कठडा बघतो. मग कठड्यावर कोण बसलंय ते," हे म्हणाले. "तू बसलेली असतेस."

म्हणजे मी प्रत्येक वेळी कोपऱ्यात दिसत होते आणि मलाच माहीत नव्हतं. डोक्याला फडकं बांधून, मान खाली घालून, रिमोटवर वाकलेली. या सगळ्याची एक फिल्म जोडून मुलीला पाठवली, तर तिनं ते कापून टाकायला सांगितलं. यांनी कापू दिलं नाही. संगीत घालायचं नाही असंही आमचं ठरलं. मुलगी म्हणाली, "बाबा, इतकं स्लो, वर म्यूझिक नाही, कोण बघणार?" हे म्हणाले, "मी बघीन."

असं करता करता मोहरी कापून झाली, उन्हाळ्यात डूंगरी करपून तांबूस झाली, श्रावणात हिरवी झाली आणि भाद्रपद आला. आम्ही पंचवीसेक मराठी घरं मिळून टोंक रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये गणपती बसवतो. रोज संध्याकाळी आरतीच्या आधी काहीतरी कार्यक्रम असतो. आमचे कार्यवाह म्हणजे नागपूरचे एक निवृत्त बँक अधिकारी. माणूस लाख मोलाचा, पण मनगटावरच्या घड्याळाचा गुलाम. त्यांच्या बायकोनं आमच्या घरी टीव्हीवर डूंगरी पाहिलेली होती. कार्यवाहांनी फर्मान काढलं, "ताई, तुमची फिल्म लावू जी. साहेबांनी दोन शब्द बोलावे."

मला वाटलं, हे नाही म्हणतील. पण हे म्हणाले, "माझी डूंगरी सगळे बघणार आणि मी घरी बसू?"

मी लगेच यांचा झब्बा इस्त्रीला काढला.  जायच्या दिवशी यांनी तो झब्बा घातला. गुंडी लावताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बघ, आज परत लोकांसमोर तसं झालं, तर मला पुन्हा कुठं चल म्हणू नकोस. कधीच."

"नाही होणार," मी म्हटलं. "आपली फिल्म आहे. तिची चाल तुमच्या डोळ्यांनीच ठरवलीय." 

हॉलमध्ये मी यांना दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर बसवलं, म्हणजे काही वाटलं तर चटकन बाहेर पडता येईल. पिशवीत नॅपकिन आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या होत्या, त्या मी मागे उभी राहून मुठीत धरल्या होत्या. तिकडे मुलांचे नाच लांबले. मग एका काकांनी गणेशोत्सवाच्या महत्त्वावर भाषण केलं, ते त्याहून लांबलं. पंखे यांच्या डोक्यावर फिरत होते. हे खाली फरशीकडे बघत होते. कार्यवाह मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होते. 'दोन शब्द' रद्द झाले. दिवे मालवले आणि डूंगरी सुरू झाली.

आणि मला काही कळेचना. ड्रोन उभाच राहिला नाही. सटकन निघाला. ढगांच्या सावल्या शेतांवरून धावायला लागल्या, शेळ्या तुरुतुरु पळायला लागल्या, झेंडा फडफडत अंगावर आला. मुलांनी शिट्ट्या मारल्या, लोक टाळ्या वाजवायला लागले. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. कार्यवाहांनी वेळ वाचवायला फिल्म दुप्पट वेगानं लावली होती.

मी खुर्च्यांमधून घुसले. साडीचा पदर एका खुर्चीत अडकला, तो ओढून काढला, कुणाच्या तरी पायावर पाय दिला. टेबलापाशी पोचले तर कार्यवाह लॅपटॉपसमोर शांतपणे बसलेले.

"हे काय लावलंय?" मी दबक्या आवाजात म्हटलं, पण माझा दबका आवाज म्हणजे चौथ्या रांगेपर्यंत जातो.

"थोडी पळवून राहिलो जी," ते म्हणाले. "आरतीला उशीर होऊन राहिला ना."

"आरती काय पळून चाललीय का? तुम्हाला काही कल्पना आहे का, तिकडे..."  मी त्यांचा हात बाजूला सारून बटण दाबलं. चित्र जागच्या जागी थांबलं. सगळा हॉल 'अरे' म्हणाला. मी मुठीतल्या पिशव्या घेऊन दाराकडे वळले.

हे खुर्चीवर बसलेले होते. पडद्याच्या उजेडात चेहरा स्पष्ट दिसत होता. पांढरा पडलेला नव्हता. हात खुर्चीला धरलेले नव्हते, मांडीवर होते, आणि एका हातात कुणीतरी दिलेल्या, सकाळच्या खिरापतीचा द्रोण होता. हे चक्क खोबरं चावत होते.

"बंद का केलंस?" यांनी विचारलं.

"तुम्हाला..."

"मला काही होत नाहीये," हे म्हणाले. मग स्वतःलाच सांगितल्यासारखं, "काहीच होत नाहीये गं."

मागे वळून पाहणारे लोक माझ्याकडे बघत होते, त्यांना काय चाललंय काही कळत नव्हतं. मी तिथंच मटकन एका रिकाम्या खुर्चीवर बसले. हे मान वर करून मोठ्यानं म्हणाले, आणि या माणसाचा मोठा आवाज मी लग्नात नाव घेताना ऐकला होता तेवढाच, "कार्यवाह, लावा. लावली होती तशीच लावा."

फिल्म पुन्हा पळायला लागली. मी पडद्याकडे पाहिलंच नाही. यांच्या डोळ्यांकडे बघत होते. ते डोळे झेंड्याबरोबर धावत होते, शेळ्यांबरोबर, ढगांच्या सावल्यांबरोबर, आणि खाली येत नव्हते. मी रडत होते आणि या वेळी मला राग आला नाही.

आरती झाल्यावर मी कार्यवाहांकडे गेले. मघाशी त्यांना बोलले होते त्याची भरपाई करायला हवी होती, आणि आभार तर मानायलाच हवे होते. ते बिचारे घाबरून दोन पावलं मागे सरकले. मी त्यांच्या हातावर दोन मोदक ठेवले आणि म्हटलं, "पुढच्या वर्षीही पळवा."

"काय जी ताई," ते म्हणाले, "आधी नीट ठरवून सांगत जा."

घरी येताना गाडीत मी यांच्यावर उखडले. उखडायला कुणीतरी हवंच होतं. "बरं वाटत होतं तर सांगायला काय झालं होतं? इतके महिने मी अंगठे गोठवून उडवतेय."

"मला कसं कळणार?" हे म्हणाले. "तू कधी जोरात लावलंसच नाहीस."

मला इतकं हसू आलं की गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली. हेही हसायला लागले. समोरून ट्रक जात होते, दिवे लखलखत होते, आणि हे त्या दिव्यांकडे बघत हसत होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दर आठवड्याला झेपेल तेवढं हलतं चित्र, तेही आवडीनं. मी दुसरं काय सांगत होतो?" मला वाटत होतं मी यांना जपतेय. खरं तर यांचे डोळे टीव्हीसमोर तालीम करत होते.

त्याच आठवड्यात रविवारी मी गाडी काढली तेव्हा शेजारच्या सीटवर हे होते. पांढरी टोपी, जुनी काठी, पायात इतके दिवस माळ्यावर पडलेले बूट. विहिरीजवळच्या बायकांना मी सांगितलं, "यही है, जिनसे ब्याव हुआ था." त्यांनी यांना ताक दिलं आणि माझ्याकडे बघून पुन्हा तशाच हसल्या.

हे म्हणाले, "मी जाऊन येतो वर. तू उडव."

मला बरोबर जावंसं वाटत होतं, पण सवय कुठली मोडते? मी कठड्यावर बसले, रिमोट हातात घेतला. ड्रोन वर गेला, क्षणभर थांबला, मग मी दांडीला नुसतं कळू दिलं. रिमोटच्या पडद्यावर, हिरव्या उतारावरून एक पांढरी टोपी हळूहळू वर चालली होती. ओहोळापाशी थांबली, पाणी बघितलं असणार. दोन दगडांच्या मधून नेमकी उजवीकडे वळली. ती टोपी माझ्या चित्राच्या मधोमध राहावी म्हणून मी तिच्या चालीनं जात होते, एक पाऊल पुढे नाही, एक पाऊल मागे नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मी या माणसाच्या चालीनं पहिल्यांदाच चालत होते, आणि तेही कठड्यावर बसून. 

टोपी झेंड्यापाशी पोचली. फोन वाजला. वरून हेच.

"अगं, तो तुझा ड्रोन अजून खाली रेंगाळतोय. मी पोचलोसुद्धा."

"दिसलं मला. कसं वाटतंय?"

"डोकं जागेवर आहे. डूंगरीही जागेवर आहे." मग, "खडकाच्या मागे सावली आहे. डबा तुझ्याकडेच राहिलाय. ये की वर."

मी वर पाहिलं. या डूंगरीचा दगड न् दगड मला माहीत होता, ओहोळ माहीत होता, चुकीची डावी वाट माहीत होती. पण तिच्यावर मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मी ड्रोन खाली उतरवला, घडी घालून खोक्यात ठेवला, थालीपिठांचा डबा काखोटीला मारला आणि निघाले. भराभर निघाले, जीव कसा फुलून आला होता. पहिल्याच चढाला धाप लागली, ओहोळातल्या दगडावरून पाय सटकला, तरी मी पुढे.

वरून, झेंड्याजवळून, यांचा आवाज आला. खणखणीत.

"हळू ये गं. माझं बघून व्हायचंय."